दूध, मौन आणि साक्षीभाव

आमचे भाऊजी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आले आणि माझ्या सकाळी बिघडल्या. तिथे म्हणे पहाटे चारला घंटा होते, मोबाईल आधीच काढून घेतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. "वहिनी, नुसतं बसायचं. जे होतंय ते बघायचं, प्रतिक्रिया द्यायची नाही," ते म्हणाले. हे सांगेपर्यंत त्यांचा दुसरा चहा झाला होता. दहा दिवस आयतं ताट समोर आलं तर मीसुद्धा कशालाच प्रतिक्रिया देणार नाही. पण ते असो.

मी मुहूर्त तेवढा नीट काढला. सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी ब्राह्ममुहूर्त लागतो आणि 48 मिनिटं टिकतो. म्हणून जानेवारी धरला. जानेवारीत पुण्यात खुद्द सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे साडेपाचला उठलं तरी पुण्य पदरात पडतं. जूनमध्ये हाच मुहूर्त गाठायला साडेचारच्या आत उठावं लागलं असतं.

सोमवारी हॉलमध्ये सतरंजी घातली, डोळे मिटले. तिसऱ्या श्वासाला दिवा लागला.

"काय गं, पित्त झालंय का?" सासूबाई.

मी मान हलवली.

"मग अशी का बसलीस? ओवा देऊ?"

उत्तर दिलं नाही, तरी पाचव्या मिनिटाला तळहातावर ओवा आला. गरम पाणीही आलं. ध्यानात ओवा चावायचा की नाही, हे भाऊजींनी सांगितलं नव्हतं.

मग हे उठले. आता आमच्याकडे माझ्या गप्प बसण्याला बावीस वर्षांचा इतिहास आहे. ते कधीच विनाकारण नसतं. ह्यांनी आधी लांबून पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन आले. पुन्हा पाहिलं. मग सतरंजीच्या कडेला टेकले आणि हळूच म्हणाले, "मी सांगणारच होतो तुला."

मी डोळे उघडले नाहीत. उघडायची गरजच नव्हती.

"मित्रांच्या ट्रिपचे फक्त अडीच हजार भरलेत. बाकीचे नंतर द्यायचेत."

श्वास आत, अडीच हजार बाहेर. एरवी भांडूनही निघालं नसतं ते नुसतं बसल्यानं निघालं. त्या दिवशी मला ध्यानाची थोडी गोडी लागली, हे कबूल करते.

मंगळवारी भ्रामरी केली. कानांत बोटं घालून 'हूं'चा गुंजारव. लेक आतून ओरडला, "आई, मिक्सर बंद कर ना!" तेवढ्यात सहा वाजले आणि नळ सुसकारला. आमच्याकडे पाणी सहाला येतं आणि पावणेसातला जातं. त्या पाऊण तासात पिंप, हंडा, बादल्या, शिवाय सासूबाईंच्या विश्वासातली पितळी कळशी. नळ सुरू असताना बसून राहणारी बाई अजून आमच्या बिल्डिंगमध्ये जन्माला यायची आहे. बुधवारी घंटागाडी रोजच्यापेक्षा लवकर आली. ओला कचरा उजव्या हातात, सुका डाव्या हातात, पायात स्लीपर एकच. सजगता म्हणजे काय, ते मला त्या जिन्यात कळलं.

गुरुवारी मात्र नशीब उघडलं. दुरुस्तीसाठी पाणी दिवसभर बंद! म्हणजे सहाची घाई नाही. ट्रिपच्या धास्तीनं हे स्वतःहून दूध तापवायला उभे राहिलेले. मी बसले. खरंच शांत वाटत होतं. लांबून कुठेतरी भारद्वाज घुमत होता.

आणि मग तो आवाज आला. दूध वर यायच्या आधी पातेल्याच्या कडेला जी बारीक सळसळ होते, ती मला झोपेतही कळते. जे होतंय ते बघायचं. प्रतिक्रिया नाही. श्वास आत. सळसळ वाढली. श्वास बाहेर. हे आहेत ना तिथे. श्वास आत.

मी एक डोळा उघडला. हे ओट्याशी, हातात मोबाईल, समोर काठावर आलेलं दूध. ह्यांची नजर दुधावरच होती. चेहऱ्यावर भाऊजींनी वर्णन केलेली ती पूर्ण समता.

"अहोऽऽ, गॅस!"

दूध शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून फरशीवर उतरलं. पुसायला पाणी नाही, कारण गुरुवार.

"जाऊ दे गं," सासूबाई जपमाळ न थांबवता म्हणाल्या, "दूध उतू जाणं शुभ असतं."

"वास्तुशांतीला, आई," मी म्हटलं. "आपल्याला इथे येऊन सतरा वर्षं झाली."