१७७० चा 'चेटकिणींचा कायदा' कधी झालाच नाही

भाचीच्या साखरपुड्याचे फोटो घरच्या ग्रुपवर पडले आणि तासाभरात माझ्या मावसभावाने त्याखाली तोच जुना मजकूर चिकटवला: '१७७० साली ब्रिटिश संसदेने कायदा केला. अत्तर, रंगरंगोटी, खोटे केस, खोटे दात, उंच टाचा यांनी पुरुषाला भुलवून लग्न करणाऱ्या बाईला चेटकिणीची शिक्षा, आणि लग्न रद्द.' सोबत शिडीवर चढून बाईची केशरचना करणाऱ्या न्हाव्याचं चित्र. भाचीने फोटो काढून टाकले. म्हणून लिहितेय.

असा कायदा झाला नाही, आणि १७७० मध्ये होणं शक्यही नव्हतं. १७३५ मध्येच त्या संसदेने चेटूक हा गुन्हा कायद्यातून काढून टाकला होता. उलट 'मला चेटूक येतं' असं सांगून लोकांना फसवणाऱ्याला एक वर्षाची कैद ठेवली. मग ३५ वर्षांनी चेटकिणीची शिक्षा आणणार कुठून? इतकं साधं कुणी तपासू नये? आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नंदुरबारच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. नटलेल्या पोरीच्या फोटोखाली 'चेटकीण' हा शब्द मला सहन होत नाही.

लग्न रद्द करणं तर तेव्हा इंग्लंडात चर्चच्या न्यायालयांचं काम होतं.

आता चित्र. ते व्यंगचित्र आहे, पुरावा नव्हे. १७७० च्या दशकात मॅथ्यू आणि मेरी डार्ली हे जोडपं लंडनच्या स्ट्रँडवरच्या दुकानात अशीच चित्रं छापून विकायचं. नटणाऱ्या पुरुषांनाही, म्हणजे 'मॅकरोनीं'ना, त्यांनी सोडलं नाही. ती चित्रं मात्र कुणी फिरवत नाही.

एक मान्य करते. केस खरंच उंच बांधत: आत लोकर नाहीतर घोड्याचे केस, वर चरबीचं पोमेड आणि पावडर. चेहऱ्याला शिशाचा पांढरा रंगही फासत. त्या काळची गाजलेली सुंदरी लेडी कॉव्हेंट्री १७६० मध्ये तिशीच्या आत वारली, ती त्या रंगानेच, असं मानतात. पण त्यात जीव गेला तो तिचा. केसांना पावडर तर पुरुषही लावायचे. १७९५ मध्ये त्या पावडरीवर वर्षाला एक गिनी (तेव्हाचं सोन्याचं नाणं) कर बसला, तो बायका-पुरुष दोघांनाही.

दादा, तो मजकूर आजच काढ. फोटो परत टाकायला भाचीला मी सांगते.