‘एक कापा, चार मिळवा’: ॲनिमोनच्या त्या मेसेजला उत्तर

हा मेसेज सध्या घरगुती ॲक्वेरियमच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ. दावे थोडक्यात असे: समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, हे पाण्यातलं झाडच आहे, त्याला खायला घालावं लागत नाही. खडेमीठ घातलेल्या पाण्यात ते मजेत जगतं. त्याचं आयुष्य दीड-दोन वर्षांचंच, तेव्हा मेलं तर वाईट वाटून घेऊ नका. निमो मासा, म्हणजे क्लाउनफिश, पाळायचा तर ते हवंच. कोकणात ओहोटीला फुकट मिळतं. आणि शेवटी खरी मेख: सुरीने चार तुकडे करा, चार नवी फुलं तयार होतील, विका आणि कमवा.

अशा मेसेजकडे मी दुर्लक्ष करते. पण डोंबिवलीच्या माझ्या भाच्याने साठवलेले पैसे मोडून टाकी घेतली, तिच्यात पाणी भरून पंधरवडा व्हायच्या आत कार्पेट ॲनिमोन, म्हणजे गालिच्यासारखा पसरणारा मोठा ॲनिमोन, आणून सोडला आणि मला फोन करून विचारलं, “मावशी, दाढीचं साधं ब्लेड चालेल ना?” तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

आधी कापण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त जीव त्या एका वाक्याने जातायत. त्यात तथ्य आहे तेवढं कबूल करते. बाजारात ‘बबल टिप’ नावाने मिळणारा ॲनिमोन, एन्टाक्मिआ क्वाड्रिकलर, स्वतःहून उभा दुभंगतो. जाणकार मंडळी त्याला धारदार पात्याने तोंडाच्या मधोमध कापतातही आणि पुष्कळदा दोन्ही अर्धे जगतात. पण कधी? टाकी जुनी आणि स्थिर असेल, ॲनिमोन भरपूर खाऊन-पिऊन धष्टपुष्ट असेल, आणि प्रत्येक तुकड्यात तोंडाचा आणि तळव्याचा, म्हणजे ज्याने तो खडकाला धरून बसतो त्या बुडाचा, भाग आला असेल तर. कापल्यावर जखम जुळून नवं तोंड तयार होईपर्यंत त्याला काही खाऊ घालता येत नाही, म्हणजे तेवढे दिवस तो अंगातल्या साठ्यावर काढतो. जो आधीच उपाशी आहे त्याच्याकडे साठा कुठून येणार? आणि दुभंगणं हे नेहमी खुशालीचं लक्षण नसतं. पाणी बिघडलं, ताण आला तरी बबल टिप फाटतो. व्हिडिओत आनंदाने दाखवलेली ती दोन इवलीशी, आक्रसलेली पिल्लं मला तरी ताणाचीच वाटतात.

कार्पेटचं तर हे गणितच नाही. हॅडोनाय किंवा जायगँटिया जातीचे कार्पेट घरच्या टाकीत स्वतःहून दुभंगताना सहसा दिसत नाहीत. त्यांना चिरणं म्हणजे एवढी मोठी उघडी जखम त्याच पाण्यात सोडणं. ती सडते, अमोनिया चढतो आणि रात्रीत मासेही उलथे होतात. भाच्याच्या टाकीत हेच होणार होतं.

मग ‘कुठलाही तुकडा जगतो’ ही कल्पना आली कुठून? ती एप्टेशियावरून आली असावी. खडकांबरोबर चोरून येणारा हा काचेसारखा, तपकिरी छोटा ॲनिमोन खरोखरच तळव्याच्या चिमूटभर तुकड्यातून पुन्हा उभा राहतो. मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, टाकीवाले त्याला तण मानतात. तो हटवायला पेपरमिंट झिंगे सोडतात, सुईने औषध टोचतात. त्याचा गुण उचलून कार्पेटला चिकटवायचा आणि लोकांच्या हातात सुरी द्यायची, हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

‘ब्रीडिंग’ हा शब्दही त्या मेसेजमध्ये सैल वापरलाय. तुकडे करणं म्हणजे प्रती काढणं. बबल टिपचं खरं प्रजनन ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या सॉलिटरी बेटांवर संशोधकांनी पाहिलंय: नर वेगळा, मादी वेगळी, आणि वर्षातल्या ठरावीक महिन्यांत, मोजक्या रात्रींत दोघे आपापलं बीज पाण्यात सोडतात. तुमच्या टाकीतले सगळे एकाच ॲनिमोनचे तुकडे असतील तर ते सगळे एकाच लिंगाचे असणार. त्यांच्यातून अंडी फळण्याचा प्रश्नच येत नाही.

आता आयुष्याबद्दल. ‘दीड-दोन वर्षं’ हे वाक्य मला सुरीपेक्षाही जास्त खुपतं, कारण ते निष्काळजीपणाला आधीच माफी देऊन टाकतं. 1828 साली स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून सर जॉन डॅलिएल यांनी एक साधा लाल ॲनिमोन घरी आणला आणि काचेच्या भांड्यात ठेवला. डॅलिएल 1851 मध्ये वारले. ॲनिमोन मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला, लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणू लागले, आणि तो मेला 1887 मध्ये, एडिनबरामध्ये. म्हणजे माणसांच्या ताब्यातच जवळजवळ साठ वर्षं. त्या काळी ना पंप होता, ना टेस्ट किट. होतं ते समुद्रातून पुन्हा पुन्हा आणलेलं ताजं पाणी, अधूनमधून शिंपल्याचा घास आणि रोज लक्ष देणारं कुणीतरी. त्याला कुणी कापलंही नाही. ती जात पिल्लं पोटात वाढवते आणि तोंडावाटे बाहेर सोडते, तशी त्याने शेकड्यांनी दिली. ही थंड पाण्यातली जात, मान्य. पण आपल्याकडे विकायला येणारे मोठे ॲनिमोनही दीर्घायुषीच मानले जातात. टाकीतला ॲनिमोन दोन वर्षांत मेला तर तो वयाने मेला नाही, आपण मारला.

बाकीचे मुद्दे भराभर घेते.

झाड? नाही. तो प्राणी आहे, जेलीफिश आणि प्रवाळांचा नातलग. या मोठ्या जातींच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं ॲनिमोनला मिळतं, एवढं खरं. म्हणूनच जोरदार मरीन लाइट लागतो. हॉलमधली ट्यूब पुरत नाही. शिवाय कोळंबीचा किंवा माशाचा छोटा तुकडा अधूनमधून द्यावाच लागतो. व्हिडिओत ‘दुर्मिळ मोती जात’ म्हणून जो पांढराशुभ्र ॲनिमोन दाखवलाय, त्याने हे शैवाल गमावलंय. तो आजारी आहे. भडक पिवळा किंवा गुलाबी दिसला तर रंगवलेला असू शकतो, घेऊ नका.

खडेमीठ? उरण-पेणकडच्या मिठागरात मीठ धरतं तेव्हा मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार मागे राहणाऱ्या कडू पाण्यात जातात, आणि कॅल्शियम त्याआधीच जिप्सम होऊन तळाला बसतं. हातात येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. ते हवं तर मरीन सॉल्ट मिक्स आणि आरओचं पाणी, खडेमिठाने भागत नाही. क्षारता, म्हणजे हजार भाग पाण्यात मिठाचं प्रमाण, 35 च्या आसपास, तापमान 25 ते 27 अंश. आपल्याकडच्या मे महिन्यात त्यासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतो, आणि त्याचं वीजबिल मेसेजमधल्या कमाईच्या हिशेबात कुठेच नाही. टाकी सायकल व्हायलाच, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढायलाच, महिना-दीड महिना जातो. ॲनिमोन त्यानंतर निदान सहा महिन्यांनी आणावा. आणि वेव्हमेकरला, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंख्याला, जाळी लावा, ॲनिमोन सरकत जाऊन त्यात अडकतो आणि चिंध्या होतात.

निमोसाठी हवाच? समुद्रात हवा. टाकीत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमच्या केंद्रांत क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे. टाकीतली जोडी कौलाच्या किंवा मडक्याच्या तुकड्यावरही अंडी घालते.

आणि किनाऱ्यावरून उचलणं. कृपा करून हे करू नका. खडकाला घट्ट धरलेला ॲनिमोन ओढला की तळवा फाटतो, आणि फाटलेल्या तळव्याचा बहुधा वाचत नाही. शिवाय तिथे मिळणारा निमोवालाच असेल असंही नाही. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून जीव उचलणं गुन्हा आहे. त्याच्यासोबत कठीण प्रवाळाचा तुकडा आला तर तो 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, कुठल्याही किनाऱ्यावरचा असो.

ज्यांनी हा मेसेज वाचून ॲनिमोन आणलाच आहे त्यांनी आज एवढं बघा. तोंड मिटलेलं आहे का, तळवा खडकाला धरून आहे का, हात लावल्यावर भुजा चिकटतात का. थोडा वेळ आक्रसला तर घाबरू नका, तो अंगातला मळ बाहेर टाकताना तसा होतो. पण तोंड आ वासून सैल पडलंय, अंग विरघळल्यासारखं सुटतंय आणि कुजका वास येतोय, तर हातमोजे घालून त्याला लगेच बाहेर काढा, निदान तिसरा हिस्सा पाणी बदला आणि फिल्टरमध्ये कार्बन टाका. तो अजून धडधाकट असेल आणि तुमची टाकी नवी असेल, तर जुनी टाकी असलेल्या एखाद्याकडे आजच नेऊन द्या. भाच्याने तेच केलं.