गवताची वरात

अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या साडूंचं लॉन आहे. लॉन म्हणजे लग्नाचं. पुढे कमान, मागे आचाऱ्याची शेड आणि मधे दोन एकर हिरवंगार गवत. मे महिन्यात आमच्या खान्देशात पारा 45 च्या आसपास असतो, माणसं डोक्याला ओला रुमाल गुंडाळून फिरतात. साडूंच्या गवताला मात्र रोज संध्याकाळी बोअरचं पाणी. लग्नसराईत ते दर आठवड्याला कापायचं आणि कापलेलं सगळं नाल्यात फेकायचं.

हे बघून माझा जीव तुटायचा. माझ्याकडे शेताच्या बांधावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, डोंगर पडलेला. नुसत्या पऱ्हाट्या कुजता कुजत नाहीत, कारण त्यांत कर्ब (कार्बन) रग्गड आणि नत्र (नायट्रोजन) नावाला. तशाच ठेवाव्यात तर गुलाबी बोंडअळीची फुकट धर्मशाळा. ताज्या गवतात नत्र भरपूर. साधारण 30 भाग कर्बाला 1 भाग नत्र बसवलं की खत जमतं. शिवाय घरी नाडेपचा, म्हणजे कंपोस्ट खत करायचा, हौद बांधून तयार होता. पुसदच्या पांढरीपांडे काकांनी सांगितलेला, 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, आणि हवा खेळावी म्हणून भिंतीभर भोकं. गावाचं ठाम मत असं, की पैसे न मिळाल्यामुळे गवंडी काम अर्धवट टाकून पळाला.

“न्या की गवत,” साडू म्हणाले. “फक्त मांडववाले यायच्या आत लॉन साफ पाहिजे.”

दोन एकर खराट्याने झाडायला सालदाराने नम्रपणे नकार दिला. नम्रपणे म्हणजे तो दोन दिवस आलाच नाही. मग कपाशीच्या कोळपणीसाठी घेतलेला 15 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आठवला. वेल्डिंगवाल्याने पाइपाला गोल खराटे बांधले, दोन्ही टोकांना जुन्या लुनाची चाकं लावली आणि मागे ताडपत्रीची झोळी टांगली. चाक पुढे गेलं की चेनवर पाइप त्याच दिशेने भराभर फिरतो आणि गवत मागे उडून झोळीत पडतं. कागदावर तरी पडत होतं.

गवताचा स्वभाव मला तिथे कळला. सकाळी ते ओलं असतं, खराट्याला चिकटतं आणि पाइपासकट गोल गोल फिरत बसतं. दहा वाजता सुकतं आणि वाऱ्यावर निघतं. या दोन अवस्थांच्या मधे जेमतेम अर्धा तास असा असतो, की गवत माणसाचं ऐकतं. नेमकं तेव्हाच साडूंकडून चहाचं बोलावणं येतं. नाही म्हणावं तर साडू रागावणार, साडू रागावले तर बायको. मी चहा प्यायचो आणि नंतर शर्टात गवत घेऊन घरी यायचो.

टायरचं दुखणं निराळंच. शेतीच्या टायरला चिखलात पकड मिळावी म्हणून उंच नक्ष्या असतात. रात्री भिजलेल्या लॉनवर त्या अशा उमटायच्या, की साडूंच्या शब्दांत, “इथं आता नवरी उभी करू का कांदे लावू?” टायरमधली हवा कमी केली आणि पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉनवर यायचं नाही असं ठरलं. पाणी रोजच, त्यामुळे ठरलेलं कुणीच पाळलं नाही.

झोळीत गवताबरोबर काय काय येतं! टूथपिक, चमकी, आइस्क्रीमचे लाकडी चमचे, गुटख्याच्या पुड्या, अक्षता. हे सगळं निवडल्याशिवाय हौदात टाकता येत नाही. एकदा झोळीतून नवरदेवाचा बूट निघाला. डाव्या पायाचा, सोनेरी. करवल्यांनी लपवला होता, पाच हजारांवर तोड झाली होती, पैसे घेऊन झाले आणि मग बूट कुठे ठेवला तेच कुणाला आठवेना. नवरदेव स्लीपरवर सासरहून निघाला होता. पाच हजारांचा हिशेब दोन्ही घरांत अजून चालू आहे, आणि त्यात आता माझंही नाव घेतलं जातं.

ट्रॉलीभर गवत आणावं तर हौदात ते टोपलीभर होतं, कारण ताज्या गवतात पाचातले चार भाग पाणीच. सालदाराने एका दुपारी सगळं एकाच थरात दाबून बसवलं. आत हवा शिरेना, त्याचा हिरवा लगदा झाला आणि अमोनियाचा असा भपकारा सुटला, की पलीकडच्या गल्लीतून माणूस विचारायला आला, “भो, हाई काय शे?” मग सगळं उपसून पऱ्हाटीचे बारीक तुकडे, केळीची वाळलेली पानं आणि गवत, असे पातळ थर लावले. आठवडाभरात आत 60 अंश. आत्याबाईंनी हौदावर हात धरून पाहिला आणि विचारलं, “यात भरताचं वांगं भाजेल का रे?” माझ्या देखत पुरलंही. भाजलं नाही. पण त्यांनी प्रयोग सोडलेला नाही.

गवत फुकट नव्हतं, हे साडूंनी शेवटी सांगितलं. मोबदला म्हणून एका वरातीपुढे फोकसचे दिवे लावून माझा ट्रॅक्टर चालवायचा. खराट्याचा पाइप सोडायला वेळ नव्हता, म्हणून तो हायड्रॉलिकवर वर उचलून ठेवला. आमचं हायड्रॉलिक गळतं. कमानीपर्यंत पोचेस्तोवर पाइप हळूहळू खाली आला, चाकं जमिनीला टेकली. झोळी काढलेली होती. रस्त्यावरच्या झेंडूच्या पाकळ्या, चमकी, धूळ, सगळं मागे वऱ्हाडावर उडायला लागलं. मी हादरून ब्रेक मारला.

फेट्यावरची पाकळी झटकत नवरदेवाचे मामा पुढे आले. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी पन्नासची नोट माझ्या खिशात कोंबली आणि कानाशी येऊन विचारलं, “हाई फुलं उडावानं मशीन चोपड्याले लई येशात का? भाडं काय शे?”