‘मेजर व्हर्जन 65’ या त्रुटीबाबत खुलासा

अँड्रॉइड अ‍ॅप बनवण्याच्या ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65’ अशी त्रुटी येऊन बिल्ड (कोडपासून अ‍ॅप तयार होण्याची प्रक्रिया) अडले, तर कॅशे (साठवून ठेवलेल्या फाइल) बिघडली आहे असे समजून ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनाचे सगळे फोल्डर डिलीट करावेत, असा संदेश सध्या फिरत आहे. हे निदान चुकीचे आहे.

65 हा आकडा जावा 21 च्या क्लास फाइलचा, म्हणजे संकलित कोडच्या फाइलचा, आवृत्ती क्रमांक आहे. जावा 17 साठी तो 61 असतो. प्रकल्पातील जुने ग्रेडल जावा 21 वर चालवले जात आहे, असाच त्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो, कारण ग्रेडलच्या अधिकृत तक्त्यानुसार जावा 21 वर चालण्याची सोय 8.5 या आवृत्तीपासून आहे. कॅशे पुसल्याने लायब्ररी पुन्हा डाउनलोड होतात, त्रुटी मात्र जागची हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे, या सल्ल्यापायी प्रकल्पातले रॅपरचे (ठरलेल्या आवृत्तीचे ग्रेडल आणून चालवणाऱ्या फाइलींचे) फोल्डरही पुसले जाऊ शकते, आणि ते तर कोडसोबत जपायचे असते.

ग्रेडल 7.3 किंवा त्यापुढचे असेल, तर स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘ग्रेडल जेडीके’ (ग्रेडल ज्या जावावर चालते ते) 17 निवडावे. अन्यथा रॅपरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ग्रेडलची आवृत्ती वाढवावी आणि अँड्रॉइड प्लगइनशी (ग्रेडलला अँड्रॉइड अ‍ॅप बिल्ड करता यावे यासाठीच्या जोडणीशी) तिचा मेळ बसतो का, तेही पाहावे. टर्मिनलमधले बिल्ड मात्र ही सेटिंग न पाहता ‘जावा होम’ (संगणकावरील जावाचा मार्ग सांगणारी सेटिंग) पाहते, त्यामुळे एकीकडे यश आणि दुसरीकडे त्रुटी असेही घडते.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्या गटांत तो पाठवला असेल तिथे हा खुलासा द्यावा.