‘तोंड आवरा, पाय चालवा’ एवढ्यानं भागत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. लठ्ठपणा म्हणजे आळस आणि जिभेचे चोचले. आजोबा पोटभर खाऊनही सडपातळ होते. रोज अर्धा तास चाला. साखरेवर कर लावून काही होत नाही, सरकारनं यात पडू नये.

आधी आळस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली देशातल्या 20.6 टक्के बायका आणि 18.9 टक्के पुरुष जादा वजनाचे होते. 2019-21 मध्ये हे आकडे 24 आणि 22.9 वर गेले. पाचेक वर्षांत कोट्यवधी माणसं एकदम आळशी झाली म्हणायची का?

आजोबांची गोष्ट खरी, पण अर्धी. त्यांच्या ताटात जोंधळ्याची भाकरी आणि भाजी होती, तेल बेतानं. आता रेशनला मुख्यतः तांदूळ मिळतो. पामतेल परदेशातून येतं आणि त्यावरचं आयात शुल्क दिल्लीत ठरतं. उसाला केंद्राचा बांधील दर आहे, मेथीला नाही. म्हणजे सरकार आपल्या ताटात आधीच बसलेलं आहे. प्रश्न फक्त कुणाच्या बाजूनं, एवढाच.

चालण्याबद्दल आमचं दुमत नाही. पण हिशेब बघा: 70 किलोच्या माणसानं अर्धा तास भरभर चालून 130-150 कॅलरी खर्च होतात, 50 ग्रॅम चिप्सच्या पुड्यात 270 च्या आसपास असतात. चालणं रक्तातल्या साखरेसाठी आणि रक्तदाबासाठी करायचं, वजन स्वयंपाकघरात उतरतं. शिवाय टिळकवाडीकराला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फेऱ्या मारणं जमतं. वडगावात दिवसभर मागावर उभं राहणाऱ्याला ‘चाला’ म्हणून सांगणं सोपं आहे.

घरात करण्यासारखं मात्र भरपूर आहे. तेल माणशी महिना अर्धा लिटर धरा. चौघांना दोन लिटर, एकदाच आणायचं. वीस तारखेला डबा रिकामा झाला तर कुठं चुकतंय ते कळतं. बहुतेकांचं चुकतं ते बाहेर: घरचं तेल मोजतात, पण भजी-फरसाणातलं धरत नाहीत. चहाचंही तेच. कपात दोन चमचे म्हणजे साधारण 10 ग्रॅम साखर, पाच कपांत 50. दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा तेवढीच आहे, आणि कुंदा अजून हिशेबातच आला नाही. साखर एकदम तोडली तर आठवड्यात माणूस पुन्हा दोन चमच्यांवर येतो. पंधरा दिवसाला अर्धा चमचा कमी केला की जिभेला पत्ता लागत नाही.

पुड्यामागचं लेबल वाचा, असं मेसेजमध्ये शेवटी आहे. जरूर वाचा, पण ‘प्रति सर्व्हिंग’ सोडून 100 ग्रॅमचा रकाना वाचा. सर्व्हिंग 20-30 ग्रॅमची दाखवतात आणि पुडा आपण अख्खा संपवतो. आता भाषा. कायद्यानं मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत असला की पुरतं. दुकानाच्या पाटीवरून आपल्याकडे मोर्चे निघतात. पुड्यामागे ना मराठी ना कन्नड, त्यावर मात्र सगळे गप्प!

करानं काही होत नाही हे सपशेल चूक. ब्रिटननं 2018 मध्ये शीतपेयांवर साखरेच्या मापानं कर लावला: 100 मिलीला 8 ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असली तर लिटरला 24 पेन्स, 5 ते 8 ला 18, त्याखाली शून्य. बऱ्याच कंपन्यांनी कर लागू व्हायच्या आधीच साखर कमी केली. आपल्याकडे सप्टेंबर 2025 पासून शीतपेयांवर 40 टक्के जीएसटी आहे, पण साखर कमी असो की जास्त, दर एकच. मग कंपनी साखर कशाला घटवेल? तिजोरी तेवढी भरते.

आणि एक नियम आहे, तो कुणी वापरतच नाही. एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे. फाटकापासून साधारण 70 पावलं मोजा. आत चिप्स-कोल्ड्रिंकची टपरी दिसली तर फोटो काढा, तारीख घाला आणि शाळेच्या सहीशिक्क्यानं अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.