'यांना' उगाच नसतं : अपोझिशनवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की अपोझिशन (एकाच गोष्टीची दोन नावं शेजारी ठेवणं) हे इंग्रजी ग्रामरचं खूळ आहे, मराठीला त्याची गरज नाही, आणि 'अमुक यांना', 'तमुक यांनी' ही नुसती सरकारी भाषा, सरळ नावाला प्रत्यय लावावा. मला हे पटत नाही.

आधी आपल्या गावाचंच बघा की. नुसतं बोलताना 'सोलापुरात' म्हणतो, 'पू'चा 'पु' होतो, पण 'सोलापूर शहरात' म्हटलं की सोलापूर जसंच्या तसं राहतं आणि प्रत्यय शहराला लागतो. एकाच गोष्टीची दोन नावं शेजारी शेजारी, प्रत्ययाचं ओझं दुसऱ्यानं उचललं, हेच अपोझिशन, आणि हे आपल्याला कुणी इंग्रजीच्या तासाला शिकवलेलं नाही. संस्कृतात याला समानाधिकरण म्हणतात, तिथं दोन्ही शब्दांना विभक्ती लागते. बोलताना आपणही करतो तसं, 'माझ्या भावाला, सचिनला विचार', लिहिताना मात्र 'माझा भाऊ सचिन याला'.

आता तुमचं ते 'यांना'. "मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली." हे वाक्य तुमच्या पद्धतीनं लिहून बघा, धनशेट्टींना, सारडांना, शिंद्यांना, चार ठिकाणी प्रत्यय आणि आडनावाची मोडतोड. आपल्या हुतात्म्यांची नावं अख्खी वाचायला मिळाली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं आणि ते काम तो एकटा 'यांना' करतो. शिवाय 'राण्यांनी सांगितलं' म्हणजे राणे आडनावाच्या माणसानं की राजाच्या बायकांनी? घरच्या गप्पांत 'राजू याने चहा घेतला' कुणी म्हणू नये, एवढं तुमचं मान्य.

बायोलॉजीत हा शब्द भलत्याच अर्थानं येतो म्हणता, पण लॅटिनमधला मूळ अर्थ शेजारी ठेवणं हाच. हाडाच्या पृष्ठभागावर नवा थर बसून ते जाड होतं ती अपोझिशनल ग्रोथ. मधमाशीच्या डोळ्यातलं एकेक बारीक भिंग आपापला तुकडा बघतं, तुकड्याला तुकडा लागून चित्र होतं, म्हणून तो अपोझिशन आय.

राहिला स्वल्पविराम. इंग्रजीत 'माझा भाऊ' आणि 'सचिन' यांच्यामध्ये तो दिला की भाऊ एकच आहे असं कळतं, मराठीत तेवढ्यावरून काही कळत नाही. आपण 'म्हणजे' घालतो, 'आमचं ग्रामदैवत म्हणजे सिद्धेश्वर, त्याच्या यात्रेला गड्डा म्हणतात'. तिथं इंग्रजीचा नियम लावायला मी पण सांगणार नाही.