थेट सांगणं वेगळं, उत्तर देणं वेगळं

गेल्या दोन आठवड्यांपासून एक लांबलचक संदेश नाशिकमधल्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या, आणि शेवटी निफाडहून धाकट्या भाऊजींनी पाठवला. खाली त्यांनी विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही पेपरात होतात. हे खरं आहे का?"

संदेशाचा सारांश असा. सरकार आता थेट लोकांच्या मोबाइलवर बोलतं, त्यामुळे पत्रकार आणि पत्रकार परिषदा या मधल्या पायऱ्या उरल्याच नाहीत. खरं काय, खोटं काय, ते पीआयबीचं (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं) फॅक्ट चेक सांगतं. पेपरांना सरकारी पत्रकं पाठवणारी जिल्हा माहिती कार्यालयं मंत्र्यांचे फोटो पाठवण्यापुरती आहेत, ती बंद करावीत. पेपरांतल्या सरकारी जाहिराती म्हणजे खिरापत. आणि एवढं करूनही कुणाला माहिती हवी असेल, तर वेबसाइटवर सगळं आहे.

मी एकोणीस वर्षं जिल्हा पानाच्या डेस्कवर काढली. या पाचातलं एक म्हणणं अर्धं खरं आहे, बाकीची चार मला धोक्याची वाटतात. भाऊजींना फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणणं: सरकार थेट बोलतं, मधल्यांची गरज नाही.

भाऊजी कांदा करतात, म्हणून कांद्याचंच घेऊ. ७ डिसेंबर २०२३ ला विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद झाली. मग १८ फेब्रुवारीला, रविवारी, बंदी उठल्याची बातमी सगळीकडे पसरली. अधिसूचना कुठेच नव्हती, नुसता शब्द होता. १७ तारखेला लासलगावच्या कांदा बाजारात सरासरी भाव क्विंटलला १,२८० रुपये होता, तो १९ तारखेला १,८०० वर गेला. २० तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी वृत्तसंस्थेला सांगितलं की बंदी उठलेली नाही, ती ३१ मार्चपर्यंत कायम आहे.

त्या तीन दिवसांत काय झालं असेल, ते कांदा पिकवणाऱ्याला सांगायला नको. फेब्रुवारीतला माल रांगडा, तो उन्हाळ कांद्यासारखा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही. आज बाजार समितीत न्यायचा की दोन दिवस थांबायचं, हा निर्णय घरात एका रात्रीत होतो आणि तो ऐकलेल्या बातमीवर होतो. ज्याने १,८०० च्या आशेवर ट्रॅक्टर घरी ठेवला त्याचं नुकसान झालं. चढ्या भावात ज्याने माल भरला तो व्यापारीही अडकला. मोबाइलवर बातमी सगळ्यांकडे पोहोचली होती, आणि वेगानेही पोहोचली होती. तिच्याखाली क्रमांक, तारीख आणि सही असलेला कागद तेवढा नव्हता. तो कागद आहे का, असेल तर दाखवा, एवढं विचारणं हे या मधल्या माणसांचं काम.

कागद असला की काम संपतं, असंही नाही. २७ एप्रिल २०२४ ला ग्राहक व्यवहार मंत्रालयाचं प्रसिद्धीपत्रक पीआयबीवरून आलं: सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यात करायला परवानगी. दिंडोरी आणि नाशिकचं लोकसभेचं मतदान २० मेला होतं. पत्रक वाचणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की आज नवीन काही मिळालं. आता बेरीज करून पाहा. १ मार्चला बांगलादेशसाठी ५०,००० आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन. मार्चच्याच पहिल्या आठवड्यात भूतान ५५०, बहरीन ३,०००, मॉरिशस १,२००. एप्रिलच्या सुरुवातीला अमिरातीला आणखी १०,०००. एप्रिलच्या मध्याला अमिराती आणि श्रीलंकेला प्रत्येकी १०,०००. एकूण बरोबर ९९,१५०. त्यात एकही टन नवा नव्हता, आधी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या परवानग्यांची ती गोळाबेरीज होती.

पत्रकातला एकही आकडा खोटा नव्हता. तरीही शेतकरी संघटनांनी आणि बातमीदारांनी जुन्या अधिसूचना शेजारी ठेवल्या नसत्या, तर जिल्ह्याची समजूत चुकीचीच झाली असती. बंदी खऱ्या अर्थाने उठली ४ मेला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के निर्यात शुल्क यांच्यासकट. मंत्र्यांच्या व्हॉट्सॲप चॅनेलवर तुम्ही अंगठा दाखवू शकता, लाल बदाम टाकू शकता, पण "यातलं आजचं नवं किती?" असं विचारू शकत नाही. तो प्रश्न विचारायला समोर माणूस लागतो आणि पत्रकार परिषद त्यासाठीच असते. ती बंद करा म्हणणाऱ्याने भाऊजींचा प्रश्नही बंद केला.

दुसरं म्हणणं: खरं-खोटं सांगायला पीआयबीचं फॅक्ट चेक आहे.

आहे, आणि काही कामांत ते उपयोगी पडतं. मोफत लॅपटॉप, खोटी नोकरभरती, बँकेचे पैसे लुबाडणाऱ्या लिंक, असे फसवे संदेश २०१९ च्या नोव्हेंबरपासून हा कक्ष उघडे पाडतोय. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांचे पैसे त्यामुळे वाचले, हे मी मनापासून सांगते. पण त्याचं कार्यक्षेत्र केंद्र सरकारपुरतं आहे. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं, पंचवटीत पाणी कधी येणार, शहर बसच्या वेळा बदलल्या का, यातलं काहीही तिथे तपासलं जात नाही. नाशिकमध्ये फिरणाऱ्या अफवांतल्या बहुतेक या जातीच्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. संदेश म्हणतो, त्यांनी खोटं म्हटलं की खोटं, विषय संपला. हीच कल्पना कायद्यात आणायचा प्रयत्न झाला होता. ६ एप्रिल २०२३ ला माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. केंद्राच्या कामकाजाबद्दलचा जो मजकूर सरकारने नेमलेला कक्ष खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवेल, तो समाजमाध्यम कंपन्यांनी ठेवला तर वापरकर्त्यांच्या मजकुराबद्दल त्यांना असलेलं कायदेशीर संरक्षण जाण्याची टांगती तलवार त्यात होती. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्द ठरवली, न्या. नीला गोखले यांनी ती वैध मानली. २० मार्चला केंद्राने पीआयबीच्या कक्षाला तो अधिकार देणारी अधिसूचना काढली, आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. दोघांचं एकमत न झाल्याने प्रकरण ज्यांच्याकडे गेलं, त्या तिसऱ्या न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला ही दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचं मत दिलं.

म्हणजे पीआयबीचं "खोटं" हे सरकारची बाजू आहे. ती ऐकावी, छापावी, तिचा खुलासा ठळक द्यावा. पण जिच्याबद्दल तक्रार आहे तीच बाजू न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू शकत नाही. घरातल्या मालकी हक्काच्या भांडणातसुद्धा आपण हे चालवून घेत नाही.

ज्यांना हे फार ताणलेलं वाटेल त्यांनी १९७५ आठवावं. आणीबाणी लागल्यावर काही दिवसांतच माहिती आणि नभोवाणी खातं इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्लांकडे दिलं गेलं. छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडून तपासून घ्यावा लागे. १९७६ च्या फेब्रुवारीत चार वृत्तसंस्था मोडून 'समाचार' नावाची एकच केली गेली. माझ्या आईच्या मामांना तेव्हा नाशिकरोडच्या कारागृहात ठेवलं होतं. त्यांच्याबद्दल घरच्यांना जे कळे ते भेटीला जाऊन आलेल्यांकडून, पेपरातून एक ओळही नाही. तेव्हाही सरकार लोकांशी बोलतच होतं, रोज आणि भरपूर. दुसरं कुणी बोलत नव्हतं.

तिसरं: जिल्हा माहिती कार्यालयं फोटोंपुरती आहेत.

हे ते अर्धं खरं. डेस्कवर सकाळी मेल उघडली की दौरे, भूमिपूजनं, आढावा बैठका आणि "यावेळी मान्यवर उपस्थित होते" हे वाक्य. चार परिच्छेदांत कामाचा आकडा एक, नावं चौदा. किती पैसे मंजूर झाले, किती खर्च झाले, काम कधी पुरं होणार, हे विचारायला फोन करावा तर साहेब बैठकीत. हा राग माझाही आहे आणि तो रास्त आहे.

पण ऑगस्टमधले दिवस मला दिसतात. ४ ऑगस्ट २०१९, गोदेला पूर. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं, यावरून नाशिककर पूर मोजतो. त्या दिवशी मारुतीही पाण्यात होता. अशा दिवशी जुने व्हिडिओ नवे म्हणून सुटतात. २०१६ च्या पुराचं चित्रण २०१९ मध्ये फिरलं, आणि २०१९ चं त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात फिरतं. डेस्कवर आम्ही एकच शोधत असू: धरणातून किती क्युसेक, किती वाजता सोडले आणि पुढे किती वाढणार. पाटबंधारे खात्याचा आकडा या कार्यालयाकडून तासाच्या उल्लेखासह आला की तो रेडिओवर जाई, वेबसाइटवर जाई, सायखेडा आणि चांदोरीच्या लोकांपर्यंत पोहोचे. गंगापूरहून सोडलेलं पाणी तिथे पोहोचायला काही तास लागतात आणि गुरं सोडायला, सामान माळ्यावर चढवायला तेवढेच तास हातात असतात. हे काम करणारी सरकारी यंत्रणा बंद करा म्हणणारा माणूस नदीकाठी राहत नसावा.

कार्यालय ठेवा, त्याचं काम बदला. फोटो कमी, आकडे जास्त. पत्रकाखाली विचारणा करायला एका जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर, आणि तो नंबर उचलला जावा.

जाहिरातींच्या खिरापतीबद्दल थोडक्यात. मोठे रंगीत फोटो आणि कायदेशीर नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोंबद्दलचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयानेही ऐकला. १३ मे २०१५ ला फोटो राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांपुरते ठेवले, आणि १८ मार्च २०१६ ला राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री यांनाही मुभा दिली. ती मुभा द्यायला नको होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमीन घेण्याची प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हरकतीला ६० दिवस मिळतात. शहरात झाडं तोडण्याआधी १९७५ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे स्थानिक पेपरात नोटीस आणि झाडावर कागद लावावा लागतो. २०२५ च्या नोव्हेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या साधुग्रामासाठी (साधूंच्या वस्तीसाठी) तपोवनातली झाडं तोडण्याची नोटीस निघाली, म्हणून नाशिककर हरकती घेऊन उभे राहिले. ही जाहिरात बंद झाली तर पैसा पेपरवाल्यांचा जाईल, हक्क मात्र तुमचा जाईल.

शेवटचं: वेबसाइटवर सगळं आहे.

माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. त्याच्या कलम ४ नुसार कार्यालयांनी कुणी मागायच्या आधीच बरीच माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की ती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरणारी पद्धत यांचा विचार करायचा. म्हणजे सुरगाण्याच्या पाड्यावर इंग्रजी पीडीएफ टाकून हात झटकता येत नाहीत. तिथे ग्रामपंचायतीचा फळा, आठवडे बाजारातला भोंगा, रेशन दुकानावरचा कागद हेच साधन. पाड्यावरच्या बाईने विचारलं की घरकुलाचा दुसरा हप्ता का अडला, तर तिला तिच्या बोलीत सांगणारा माणूस तिच्यासमोर उभा राहायला हवा.

आणि हे सगळं आता लगेच लागणार आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरं ३१ ऑगस्टला, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला. २७ ऑगस्ट २००३ ला, तेव्हाच्या सिंहस्थात, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. मी तेव्हा डेस्कवर नवी होते. रात्री उशिरापर्यंत लोकांचे फोन येत होते, आमचा माणूस कुठल्या रुग्णालयात आहे म्हणून, आणि आमच्याकडे द्यायला खात्रीची यादी नव्हती.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला त्यांनीही ती पुढे पाठवावी. स्नानाच्या काळात रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी, प्रश्न घेणारी पत्रकार परिषद. प्रत्येक सरकारी संदेशावर वेळ आणि अधिकाऱ्याचं नाव. मराठी आणि हिंदीत भोंग्यावरून सूचना. आणि अपघात झालाच, तर रुग्णालयनिहाय यादी पहिल्या तासात, रामकुंडाशी आणि नाशिकरोड स्टेशनवर लावलेली.